देवीचं अर्धं धाबं

या टेकाडावर उभे राहा आणि खाली लोणखडीकडे बघा. भिंती बघू नका, त्या मळकटच आहेत. धाबी बघा. धाबं म्हणजे मातीचं सपाट छत, एवढं तरी ठाऊक असेल. गावातलं एकूण एक धाबं दुधासारखं पांढरं आहे. दिसतं ते मळकट आणि जिथे कुणाची नजर जात नाही तिथे चुना, म्हणून पाहुणे हसतात. खुशाल हसा. वैशाखात भर दुपारी इथल्या घरात येऊन बसा आणि मग हसून दाखवा.

ही रीत सुंद्रा चुनारणीची, असे सांगतात. कोणत्या काळातली ते कुणालाच सांगता येत नाही, आणि जो सांगतो तो थापा मारतो. सुंद्रा नवऱ्यामागे एकटीच्या हिमतीवर चुन्याची भट्टी लावायची. तोंडाची फटकळ, पण हात सोन्याचा. घरात लेक आणि सून मैना. मैनाची दोन पोरं वैशाखात जन्मली आणि पाचवी पुजायच्या आत गेली. त्या घरात दुपारी थोरला माणूस भाजून निघायचा, तिथे ओल्या अंगाच्या पोराचं काय! तिसऱ्यांदा दिवस भरत आले, तेही वैशाखातच.

सुंद्राने गावदेवीला नवस केला. लोक मागतात आधी आणि फेडतात मग. ही उलट्या डोक्याची. “आधी तुझं देऊळ पांढरं करते, मग माझ्याकडे बघ,” असं तिने देवीला सांगितलं म्हणे. भट्टी लावली, चुना विझवला, डिंकाचं पाणी घातलं आणि देवळाच्या धाब्यावर चढली. अनवाणी. एरवी धाब्यावर चढताना माणूस पायात काही घालतो, पण देवीच्या डोक्यावर जोडे घालून कोण चढेल?

निम्मं धाबं झालं, लेप वाळला, सूर्य डोक्यावर आला. मडकं उचलायला ती मातीच्या बाजूला गेली तर तळपाय तव्यावर पडल्यासारखे झाले. उडी मारून पांढऱ्या बाजूला आली, तर उभं राहता आलं. पुन्हा गेली, पुन्हा आली. मग खाली उतरून गाभाऱ्यात छताला हात लावला. एकीकडे हात टेकवेना, दुसरीकडे माठाला लावल्यासारखा वाटला.

सुंद्राने देवीकडे पाहिलं, मडकं डोक्यावर घेतलं आणि घर गाठलं. देवीचा उरलेला चुना तिने आपल्या धाब्यावर ओतला आणि दिवस मावळेपर्यंत फासत राहिली. दुसऱ्या दिवशी मैनाला मुलगी झाली.

पोर चार दिवसांचं झालं तेव्हा देवळाचं धाबं अर्धंच पांढरं असल्याचं गावाला दिसलं. व्यंकट पाटील पंचांना घेऊन भर उन्हात तिच्या दारात आले. देवीचा चुना चोरला, आता गावावर कोप होणार, बाळंतीण आणि पोर उचल आणि आत्ताच्या आत्ता गाव सोड, असा निवाडा झाला. बाहेर ऊन असं की कुत्रं सावली सोडत नव्हतं. चार दिवसांचं पोर त्या उन्हात नेणं म्हणजे मारणंच.

सुंद्रा रडली नाही. म्हणाली, “जाते. पण पाटील, आधी देवीला विचारू. जोडे काढा अन् तिच्या धाब्यावर चढा. एक पाय मातीवर ठेवा, एक चुन्यावर. देवी काय सांगते ते मला येऊन सांगा.”

देवीचं नाव घेतल्यावर पाटलांना मागे फिरता येईना. जोडे काढून चढले. खाली सारं गाव माना वर करून उभं. पाटलांनी दोन्ही पाय टेकले आणि लगेच एका पायावर आले. तसेच बगळ्यासारखे बराच वेळ उभे राहिले. कुणी हसलं नाही, असं सांगतात. हे मात्र मला पटत नाही.

उतरल्यावर म्हणाले, पोर दाखव. सुंद्राने त्यांना घरी नेऊन आत बसवलं. पोर निवांत झोपलं होतं, ओठाला दूध लागलेलं. पाटील भिंतीला टेकले आणि तिथेच घोरायला लागले. पंच बाहेर घाम पुसत ताटकळले. ऊन उतरल्यावर पाटील जागे झाले. निवाड्याचं नावही न काढता म्हणाले, “उद्या माझं धाबं कर.”

“भट्टी लागू द्या,” सुंद्रा म्हणाली. “आधी देवीचं उरलेलं. मग ज्या घरात पोटुशी बाई असेल ते. मग गाव. तुमचं शेवटी. तुम्ही टणक आहात.”

पोरीची पाचवी पुजली, बारसं झालं. ती पिकल्या केसांची होऊन गेली म्हणे.

आजही रंगपंचमीला आम्ही रंग खेळत नाही, चुना कालवतो. देवीचं धाबं निम्मं झालं की हात थांबवतो, मडकं उचलून पोटुशीच्या घरी नेतो, आणि मग परत येऊन देवीचं पुरं करतो. देवी तेवढं थांबते. पाटलांच्या आजच्या पिढीने गार हवेचं यंत्र बसवलं आहे, ते लाईट गेली की मुकं होतं. म्हणून रंगपंचमीला पाटीलही सकाळीच शिडी लावून, जोडे काढून, अंगणात वाट बघत बसतात. त्यांची पाळी शेवटीच येते.