पाखऱ्या कशावर बसेल?

भिंतीला लागून तबेला. तबेल्यात घोडा. घोड्याचं नाव पाखऱ्या. पाखऱ्याच्या पायाशी पेंढा. पेंढ्यात राहायची तिंगी उंदरी. अंगठ्याएवढी!

पाखऱ्या खाली बसला की त्याच्या पोटाशी छान ऊब. त्या उबेत तिंगी निजायची. पण हल्ली पाखऱ्या बसेचना. नुसता उभा. तिंगीची ऊब गेली. तिंगी कुडकुडली. कुडकुड कुडकुड!

सकाळी भिंतीपलीकडे हौसाकाकू कुणाला तरी सांगत होत्या. काकूंना साऱ्या गल्लीची खबर.

"ऐकलंत का? टांगेवाल्यांचा घोडा बसत नाही म्हणे. दमतो बिचारा. आता पेंढा जाणार, नि घोडा..."

शुईईई! कुकरची शिट्टी झाली. पुढचं काही ऐकूच आलं नाही.

"नि घोडा काय?" तिंगी घाबरली. "पाखऱ्या पण जाणार?"

तिंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"पाखऱ्यादादा, पाखऱ्यादादा, खाली बस!"

"नाही बसत जा! पेंढा खालून ओला, वरून धूळ. आक् छी!"

"वाळू आणू?"

"गार लागते."

"पाला आणू?"

"कुजतो."

"लाकडाचा भुसा आणू?"

"नाकात जातो. आक् छी!"

"मग हवं तरी काय, राजेसाहेब?"

"सुतार लाकूड तासतो ना, त्या रंध्याची सालं आण. गोल गोल, कोरडी कोरडी. मग बसेन."

तिंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"सुतारनाना, सुतारनाना, सालं द्या!
सालं पडली की पाखऱ्या बसेल,
पाखऱ्या बसला की मला ऊब मिळेल!"

"नाही देत जा! रंधा झालाय बोथट. धारवाला धार लावेल, तेव्हा सालं पडतील."

तिंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"धारवालेदादा, धारवालेदादा, धार लावा!
धार लागली की सालं पडतील,
सालं पडली की पाखऱ्या बसेल,
पाखऱ्या बसला की मला ऊब मिळेल!"

"नाही लावत जा! चाकाचा पट्टा तुटलाय. चपला शिवणाऱ्या गोदामावशी पट्टा शिवतील, तेव्हा धार लागेल."

तिंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"गोदामावशी, गोदामावशी, पट्टा शिवा!
पट्टा शिवला की धार लागेल,
धार लागली की सालं पडतील,
सालं पडली की पाखऱ्या बसेल,
पाखऱ्या बसला की मला ऊब मिळेल!"

"नाही शिवत जा! दोऱ्याला मेण कुठाय? तुझ्या शेपटीनं शिवू का? मधमाशी मेण देईल, तेव्हा पट्टा शिवेन."

तिंगीनं शेपटी लपवली. तिंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"माशीताई, माशीताई, मेण दे!
मेण मिळालं की पट्टा शिवतील,
पट्टा शिवला की धार लागेल,
धार लागली की सालं पडतील,
सालं पडली की पाखऱ्या बसेल,
पाखऱ्या बसला की मला ऊब मिळेल!"

"गुं गुं, नाही देत जा! फुलंच नाहीत. हौसाकाकूंचा भोपळ्याचा वेल फुलेल, तेव्हा मेण देईन."

तिंगी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"वेलूबाई, वेलूबाई, फुलून ये!
फुलं आली की मेण मिळेल,
मेण मिळालं की पट्टा शिवतील,
पट्टा शिवला की धार लागेल,
धार लागली की सालं पडतील,
सालं पडली की पाखऱ्या बसेल,
पाखऱ्या बसला की मला ऊब मिळेल!"

"नाही फुलत जा! मला खत नाही. घोड्याची लीद घाल, तेव्हा फुलेन."

"लीद? अगं, ती तर आमच्या घरी ढीगभर!"

तिंगी लागली लीद ओढायला. इवलीशी लीद, इवलासा पेंढा. हुश्श! हुश्श!

हौसाकाकू भिंतीवरून डोकावल्या. "काय गं, कुठे चाललीस एवढं घेऊन?"

"तुमच्याच वेलाला, काकू!"

"अगंबाई! अहो इस्माईलभाई, ही लीद नि ओला पेंढा मी नेऊ का?"

"न्या की, काकू!" टांगेवाले इस्माईलभाई म्हणाले. "पाट्या भरभरून न्या. तबेला तरी मोकळा होईल."

काकूंनी खत घातलं, वेल फुलला पिवळा पिवळा!
फुलं आली, माशीनं मेण दिलं, गुं गुं!
मेण मिळालं, मावशींनी पट्टा शिवला, टुच टुच!
पट्टा शिवला, दादांनी धार लावली, खर्र खर्र!
धार लागली, नानांच्या रंध्यातून सालं पडली, सर्र सर्र!

नानांनी पोतं भरलं. इस्माईलभाईंनी तबेला धुतला, सुकवला. मग पोतं ओतलं. भस्सकन!

पाखऱ्यानं सालं हुंगली. शिंक नाही आली. पाय मुडपले. आणि बसला, धप्प!

तिंगी शिरली पोटाशी.

हौसाकाकू परत डोकावल्या. "म्हणजे पेंढा गेला, ते खरं!"

"खरं," इस्माईलभाई म्हणाले.

"नि घोडा जाणार, ते?"

"कुठे जातोय? बघा की, घोरतोय!"

फुर्रर्र. फुर्रर्र.

तिंगीनं एक डोळा उघडला. "हळू बोला ना, काकू!"