पुंजारामचं प्रात्यक्षिक

कोरडखेड नावाच्या गावात एक भोळा पोरगा राहत होता. नाव पुंजाराम. भोळा म्हणजे शंभर नंबरी, त्यात भेसळ नाही. लहानपणी माय म्हणाली, "दुधावर नजर ठेव." त्यानं ठेवली. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली. माय धावत आली तेव्हा पुंजाराम म्हणाला, "माय, सगळं बघितलं. एक थेंब नजरेतून सुटला न्हाई."

असा हा पुंजाराम बारावी पास झाला. कसा झाला, ते देवाला ठाऊक. तालुक्याच्या अलीकडे एक लहानसं सरकारी कृषी महाविद्यालय होतं. चार खोल्या, एक गोठा, एक विहीर आणि ओढ्याकाठची काळी जमीन. तिथं त्याचा नंबर लागला. मायनं गावभर साखर वाटली. लोकांनी साखर खाल्ली आणि वर विचारलं, "येडा पुंज्या आन् शेतकी साहेब?"

माय म्हणाली, "बघालच."

निघताना तिनं पोराला एकच गोष्ट सांगितली. "लेकरा, आपलं डोकं चालवू नको. सर सांगतील तसंच कर."

डोकं न चालवणं पुंजारामला जड नव्हतं. तो खुशीत निघाला.

कॉलेजात टापरे सर होते. मनानं लोणी, आवाजानं ढोल. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पोरांना ज्वारीच्या शेतात नेलं. "विरळणी म्हणजे काय? दाटी झाली की जोमदार रोप ठेवायचं आणि आजूबाजूची उपटून टाकायची. दोन रोपांत वीतभर जागा पाहिजे. समजलं?"

"समजलं सर," पुंजाराम सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सरांनी त्याला कांद्याच्या रोपवाटिकेला पाणी द्यायला धाडलं. पुंजाराम बघतो तर काय, रोपाला रोप चिकटलेलं! इतकी दाटी त्यानं जत्रेतही पाहिली नव्हती. त्यानं बाही वर सारली. संध्याकाळी सर आले, तेव्हा वाफ्यात वीतभर अंतरावर एकेक रोप उभं होतं आणि बाकीची सगळी कॉलेजच्या शेळीच्या पोटात होती.

सरांनी कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, ही पुढं शेतात लावायची रोपं! उपटलेलं रोप फेकायचं नसतं. ओल्या वाफ्यात, सरळ ओळीत लावायचं आणि वरून पाणी द्यायचं!"

पुंजारामनं मान डोलावली. "असं व्हय सर! आता न्हाई चुकणार."

आणि खरंच, तो ते विसरला नाही. पुढल्या आठवड्यात सरांनी त्याला भुईमुगातलं तण काढायला सांगितलं. पुंजारामनं हराळी उपटली, लव्हाळा उपटला, गाजरगवत उपटलं. मुळं जपून उपटली. शेजारी मोकळा वाफा होता. तो भिजवला आणि सगळं तण दोरी धरून ओळीत लावलं. वरून झारीनं पाणी दिलं.

टापरे सर लांबूनच थबकले. इतक्या सरळ ओळी या कॉलेजात आजवर कुणाच्या आल्या नव्हत्या. त्यांचा ऊर भरून आला. मग ते जवळ गेले.

"पुंज्या, ही हराळी आहे."

"व्हय सर. लई लवकर धरली."

सरांचा ढोल वाजला. "अरे, तण कुणी लावतं का! तण उपटलं की मुळं वर करून उन्हात पसरायचं. वाळून काडी झालं पाहिजे!"

"असं व्हय सर! आता न्हाई चुकणार."

थोड्या दिवसांनी टेम्पोतून आंब्याची कलमं आली. ओढ्याकाठी त्यांच्यासाठी खड्डे तयार होते. सरांना बैठकीला जायचं होतं. जाता जाता म्हणाले, "पुंजाराम, कलमं उतरवून घे, बाबा. नीट." पुंजारामनं नीट उतरवली. एकेक पिशवी फाडली, माती झटकली आणि खळ्यावर रणरणत्या उन्हात मुळं वर करून पसरली. दुपारी एकदा उलटवली सुद्धा. दुसऱ्या बाजूनं कच्ची राहू नयेत म्हणून.

सर परत आले. या वेळी ते ओरडले नाहीत. बांधावर बसले आणि बराच वेळ ओढ्याकडे बघत राहिले. सरांना असं गप्प बघून पुंजारामला रडू आलं.

"सर, मारा. पण बोला."

सरांनी त्याला जवळ बसवलं. पोराला समजेल असं सावकाश सांगितलं. "हे बघ. बाहेरून गाडीतून काही आलं, की ते दमलेलं असतं. आधी सावलीत ठेवायचं. वर पाणी शिंपडायचं. कलम जिथं जोडलंय त्या जोडाखाली काही फुटलेलं दिसलं, तर सिकेटरनं, म्हणजे छाटणीच्या कात्रीनं, कापायचं. मग खड्ड्यात उभं करायचं, माती घालायची, पायानं दाबायची. शेजारी काठी रोवून बांधायचं. आणि भरपूर पाणी. यातलं एक जरी चुकलं, तर सगळं वाया."

पुंजारामनं सगळं पाठ केलं. जेवताना म्हणायचा, अंघोळ करताना म्हणायचा. झोपेतही त्याच्या तोंडून "जोडाखाली, जोडाखाली" ऐकू यायचं, असं वसतिगृहातली पोरं सांगतात.

वर्ष संपत आलं. प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली. पुंजाराम सहामाहीत सपशेल आपटला होता. आताही आपटला, तर कॉलेजातून नाव कमी होणार होतं. मग मायनं कोरडखेडात तोंड कसं दाखवायचं? या एका विचारानं टापरे सरांना घास गोड लागेना. पोरावर त्यांचा जीव होता, हीच खरी पंचाईत.

परीक्षेच्या दिवशी सरांनी डोकं लढवलं. हा पोरगा शेतात गेला तर पीक जाईल. गोठ्यात गेला तर गाय जाईल. फाटकाशी उभा केला तर काय बिघडवणार? त्यांनी पुंजारामला बोलावलं. "परीक्षक नाईकवाडे साहेब येतायत. बाहेरून. गाडीतून उतरले की तू त्यांचं सगळं नीट बघ. मी चहा-फराळाचं बघून येतो. पुंज्या, आज चुकू नकोस रे. तुझ्या मायची शपथ आहे."

"बाहेरून? गाडीतून?" पुंजारामचा चेहरा उजळला. "न्हाई चुकणार सर!"

जीप आली. नाईकवाडे साहेब उतरले. उंच, किडकिडीत माणूस, गळ्यात हिरवा टाय. उन्हानं पार कोमेजले होते.

पुंजारामनं हात जोडले आणि साहेबांना ओढ्याकाठी करंजाच्या सावलीत नेऊन उभं केलं. साहेबांना बरं वाटलं. मग त्यानं झारी घेऊन डोक्यावर पाणी शिंपडलं. साहेब दचकले. आयुष्यभर त्यांचे नाना तऱ्हांनी सत्कार झाले होते. कुणी लेझीम खेळलं होतं, कुणी फेटा बांधताना कान दुमडला होता. त्यांनी मनात म्हटलं, इथली ही पद्धत असेल.

पुंजाराम आता जोड शोधू लागला. मुंडकं धडाला जुळतं तो जोड. त्याच्या खाली हिरवंगार काहीतरी लोंबत होतं. त्यानं सिकेटर काढलं आणि कच्चकन कापलं. साहेबांना वाटलं, उद्घाटनाची फीत कापतात तसं काही असेल. त्यांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या.

"साहेब, हितं उभं ऱ्हावा," पुंजाराम कलमांचा रिकामा राहिलेला खड्डा दाखवत म्हणाला.

"वा! मातीशी नातं!" साहेब म्हणाले आणि स्वतःच्या पायानं खड्ड्यात उतरले.

गुडघ्यापर्यंत माती आली तेव्हा साहेब हसत होते. पुंजाराम भोवती नाचून माती दाबू लागला, तेव्हा थोडं कमी हसले. पाठीशी बांबू रोवून त्यानं सुतळी आवळली, तेव्हा हसणं थांबलं. आणि चार बादल्या पाणी ओतल्यावर त्यांनी पाय उचलून पाहिला. काळी माती ती! भिजल्यावर बैलाचा पाय सोडत नाही, साहेबांचा काय सोडणार?

इतक्यात टापरे सर कांदेपोहे घेऊन आले. बशी हातातून पडली.

"पुंज्या! हे काय केलंस!"

"सगळं केलं सर. तुमी सांगितलं तसंच."

सरांच्या डोळ्यांपुढे कोरडखेडची ती माय उभी राहिली. संपलं सगळं. त्यांनी हात जोडले. "साहेब, पोरगं भोळं आहे हो..."

"थांबा," साहेब म्हणाले. खड्ड्यात असले तरी परीक्षक ते परीक्षकच. त्यांनी पुंजारामकडे रोखून पाहिलं. "माती पायानं का दाबलीस?"

"मुळाशी पोकळी ऱ्हाऊ नये म्हनून, साहेब."

"काठीला का बांधलंस?"

"वाऱ्यानं हललं तर नवी मुळं तुटत्यात."

"आणि माझा टाय?"

"जोडाखालची फूट ती, साहेब. ठेवली तर सगळा रस तीच खाती. कलम वाळतं."

साहेबांच्या पोटातून हसू निघालं ते थांबेना. बांबू गदगदा हलू लागला. "टापरे, पोरांना उत्तरं पाठ असतात हो, पण हातून काही होत नाही. याच्या लागवडीत मला एक चूक दाखवा! पास! हा पोरगा पास!"

सरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "पुंजा, ऐकलंस? पास झालास! माय भरून पावली! चल, आता काढ साहेबांना बाहेर."

पुंजारामचा आनंदानं फुललेला चेहरा एकदम पडला. त्यानं सरांकडे असं पाहिलं, जसं काही सरांनाच वेड लागलंय.

"सर, आत्ता तर लावलंय. लगेच कोन उपटतं का?"

मग तो साहेबांकडे वळला, त्यांच्या बुंध्याशी आणखी थोडी माती सारली आणि करंजाला टेकवलेली कुऱ्हाड खांद्यावर टाकून चालू लागला.

"साहेब, तुमी निवांत ऱ्हावा. मी बोरीच्या काट्या तोडून आणतो. कुंपण नसलं तर शेळ्या शेंडा खात्यात."