कोल्ह्याची हनुवटी आणि साळिंदराचे लांबट टोमॅटो

मुलांनो, आधी एक सांगा. विश्वास कोणावर ठेवावा, दिवसभर बोलणाऱ्यावर, की काही न बोलता आपलं काम करणाऱ्यावर? घाईने उत्तर देऊ नका. माझा सगळा जन्म भाजीबाजारात गेला, तरी मी गोड बोलणाऱ्याची टोपली तळापर्यंत उपसून बघतो आणि गप्प बसणाऱ्याचीही बघतो. शंका यायला हरकत नाही. पण आलेल्या शंकेचं पुढे काय करायचं, हे एका कोल्ह्याला कळलं नाही. त्याचीच ही गोष्ट.

हा कोल्हा ज्या डोंगरी जंगलात राहायचा, तिथे मोहाची फुलं गळू लागली की सगळ्या प्राण्यांचं एकत्र जेवण होई. रस्सा अस्वलीण रांधायची आणि आलेला माल कोल्हा पारखायचा. त्याची पारख सोपी होती. फळाला एक चावा घ्यायचा. रस हनुवटीवरून ओघळला तर माल चांगला, हनुवटी कोरडी राहिली तर माल परत. रायवळ आंब्याला ही पारख चालून गेली होती, म्हणून तो ती सगळ्यालाच लावायचा.

त्या वर्षी ओढ्याकाठचं वावर साळिंदराला कसायला मिळालं होतं. अट एवढीच, की जेवणाचे टोमॅटो त्याने पुरवायचे, आणि माल परत गेला तर वावर सोडायचं. उन्हाळ्यात पाणी त्या एकाच ओढ्याला टिकायचं. साळिंदराच्या बिळात तान्ही पिल्लं होती. वावर गेलं असतं तर ती पिल्लं घेऊन त्याला कोरड्या माळावर जावं लागलं असतं.

साळिंदराने आदल्या वर्षीचं जेवण लक्ष देऊन पाहिलं होतं. टोमॅटो होते गोल, रसाळ, कोल्ह्याने वाखाणलेले. पण अस्वलीण लाकडं सारून सारून दमली तरी रस्सा काही आटला नाही. पानावर वाढला की कडेने पळायचा. म्हणून साळिंदराने लांबट, अंड्याएवढ्या टोमॅटोचं बी शोधून आणलं. जाड गराचे, कमी बियांचे, कमी पाण्याचे. त्याने वाफ्यावर रोपं तयार केली, ती लावली, आणि रोपं कोवळी होती तोवर एकेकाला स्वतःचा गळलेला काटा आधाराला रोवला. पाणी देताना पानं भिजू दिली नाहीत. पण ही जात का निवडली, ते त्याने कोणालाही सांगितलं नाही. विचारल्याशिवाय बोलायची त्याला सवयच नव्हती.

मध्येच रानडुकरांनी पाट फोडला. कितीतरी दिवस रोपं तहानलेली राहिली आणि पाट दुरुस्त झाल्यावर एकदम भरपूर पाणी आलं. पाण्याची अशी ओढाताण टोमॅटोला सोसत नाही, लांबट टोमॅटोला तर मुळीच नाही. पहिल्या बहरातल्या बऱ्याच फळांची बुडं काळी पडली. साळिंदराने ती फळं तोडून बांधाकडेला पाचोळ्याखाली टाकली आणि मग पाणी थोडं थोडं, पण रोज देऊ लागलं. पुढची फळं अगदी निकोप आली.

काळ्या बुडाची फळं टिटवीला दिसली. तिने जाऊन कोल्ह्याला सांगितलं, आणि सांगताना आवाज शक्य तेवढा बारीक ठेवला, म्हणजे गोष्ट जास्तच खरी वाटली. कोल्ह्याने पाचोळा उकरला. मग रोपांच्या बुडाशी रोवलेले काटे पाहिले. एक पिकलेला टोमॅटो चावला. हनुवटी कोरडी. आणखी एक चावला. त्याचीही गत तीच.

झालं, कोल्ह्याच्या डोक्यात सगळं जुळलं. साळिंदर काट्याने टोमॅटो टोचतं, आतला रस पिऊन टाकतं. टोचलेली जागा काळी पडते. चोरी दिसू नये म्हणून तसली फळं पाचोळ्याखाली दडवतं. मुलांनो, तुम्हालाही क्षणभर पटलंच ना? खोट्या शंकेची हीच गंमत असते. तिचे सांधे असे बसतात, की खऱ्या गोष्टीचेही बसत नाहीत.

संध्याकाळी सारे पाणवठ्यावर जमले तेव्हा कोल्हा खडकावर चढला आणि त्याने हे सगळ्यांना ऐकवलं. शेवटी म्हणाला, "आपल्या जेवणातला रस जो एकटा पितो, त्याला आपल्या ओढ्याचं पाणी कशाला?"

रोज साळिंदराची विचारपूस करणारा ससा आपली पोरं घेऊन बाजूला सरकला. साळिंदर घाबरलं आणि त्याचे काटे उभे राहिले. तेसुद्धा त्याच्याच नावावर चढलं. कोणीतरी म्हणालं, बघा, मनात पाप नसतं तर काटे कशाला काढले असते.

अस्वलीण मात्र म्हणाली की निकाल उद्या, वावरात. सकाळी सगळे तिथे जमल्यावर ती कोल्ह्याला म्हणाली, "तुझ्या मनाला येईल तो टोमॅटो तोड."

कोल्ह्याने तोडला, चावला. हनुवटी कोरडीच. तो म्हणाला की हाही आधीच टोचून ठेवला असणार.

"मग हिरवागार, कच्चा तोड. त्यातून कोण रस पिणार?"

कोल्ह्याने आतल्या बाजूचा, पानाआड लपलेला कच्चा टोमॅटो निवडला. अस्वलिणीने तो नखाने उभा चिरला. आत सगळा जाड गर, मोजक्या बिया, पाणी नावाला. मग तिने काळ्या बुडाचा एक चिरला. डाग पसरट होता, भोक कुठेच नव्हतं. तेव्हा कुठे तिने साळिंदराला विचारलं, आणि साळिंदराने फुटलेल्या पाटाची हकिकत सांगितली. विचारल्यावर, बरं का.

आमच्या पेठेत रंगोपंत ठोसर नावाचे एक गिऱ्हाईक यायचे. चिंच घ्यायच्या आधी गुळाचा खडा तोंडात टाकायचे आणि मग चिंच फार आंबट आहे म्हणून परत करायचे. चिंचवाल्याला लबाड म्हणायचे ते वेगळंच. कोल्ह्याचंही तसंच झालं होतं, खोट पारखीत आणि आळ मालावर.

अस्वलिणीने दोन हंड्या चढवल्या. एकीत कोल्ह्याने पास केलेले पलीकडच्या उताराचे गोल टोमॅटो, दुसरीत साळिंदराचे लांबट. लाकडं दोन्हीकडे सारखीच. लांबट टोमॅटोंचा रस्सा आळून पळीला धरू लागला, तेव्हा गोल टोमॅटो नुसते पाण्यात तरंगत होते. जेवणाच्या वेळी दाट रस्सा सगळ्यांनी मागून मागून घेतला. कोल्ह्याने तर पान चाटलं.

जेवणं झाल्यावर कोल्हा साळिंदराच्या शेजारी येऊन बसला. इकडेतिकडे पाहून हळूच त्याच्या कानात म्हणाला की माझं जरा चुकलं.

साळिंदर म्हणालं, "कोल्होबा, चोर म्हणालात ते पाणवठ्यावर. मग हे कानात का सांगता? माझ्या पिल्लांना पाणी प्यायला तिथेच जायचंय."

 कोल्हा शेपटी आवरून उठला. संध्याकाळी त्याच खडकावर चढून, तेवढ्याच मोठ्या आवाजात, त्याने आपली चूक सगळ्यांना सांगितली. ससा जागेवरून थोडा सरकला आणि साळिंदराच्या पिल्लांना पाण्याजवळ जागा झाली.

तात्पर्य : शंका आली तर आधी आपली पारख तपासा, मग दुसऱ्याचा माल. आणि मुलांनो, माझी एक विनंती आहे. माणसांचा हिशोब प्रामाणिकपणे ठेवा. ज्या पानावर कोणाचा दोष लिहिलात, तो खोटा ठरला तर त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत तसं लिहा.