धाकू सुताराची जाळी

फार फार वर्षांपूर्वी, आंबेखोलच्या रानात वाघ माजला होता तेव्हाची ही गोष्ट. आधी गुरं गेली, मग गुराखी गेला. गावानं धाकू सुताराला गळ घातली, "शिवेवरच्या वाळल्या सागात वाघदेव कोर बाबा. देवापुढे हा फिरकायचा नाही."

वाघदेवाची रीत ठरलेली. आधी पटाशीनं पंजे, म्हणजे देव बसून राहतो. मग बारीक कोरणीनं अंगावरचे पट्टे. तोंड सगळ्यांत शेवटी, गोल पटाशीनं, आणि उघडल्या उघडल्या नैवेद्य. पण धाकूचा हात गोल पटाशीवर भारी बसलेला! "आधी जबडाच दाखवतो," म्हणाला, आणि वीतभर तोंड कोरून, नैवेद्य न दाखवताच, स्वतः जेवायला गेला.

परत येऊन आत हात घातला, तर हात खांद्यापर्यंत गेला.

असं म्हणतात, रानातला वाघ त्याच दिवशी पळाला. गावानं धाकूला डोक्यावर घेतलं. पण सकाळी देवळाच्या खांबावरचे राघू नाहीत! खांब तासल्यासारखा गुळगुळीत. मग पालखीचे मोर गेले. उठावाची नक्षी संपली, तसा अख्खा कोरलेला लाकडी घोडा गेला. त्यानंतर पाटलाची जिवंत कालवड गेली, वीतभर तोंड हातभर फाकलं, आणि सागाच्या ओठाला ओल दिसली.

धाकूच्या बायकोचे, भागीचे, दिवस भरत आले होते. नव्या पाळण्यावरची चिमणी गेली, तशी ती कडाडली, "तोंड उघडायची घाई तुम्हाला! आता मिटणार कोण, माझा बाप?"

"लाकडाचं तोंड शिवतात होय गं?"

"शिवू नका, जाळी लावा. ही घ्या पाळण्याची फळी."

धाकूनं फळीत आरपार भोकं पाडून जाळी कोरली. पण बाहेरून ठोकलेली प्रत्येक खुंटी आतून कुणीतरी ढकलून द्यायचं. धाकूला कळायचं ते कळलं. त्यानं भागीच्या पोटाकडे पाहिलं, पटाशी कमरेला खोचली.

"पोराला कोरणी धरायला शिकव," म्हणाला, "घाई तेवढी शिकवू नकोस."

आणि तो जबड्यात शिरला. ठक, ठक, ठक. जाळी बसली.

आजही जाऊन बघा, खुंटीचं डोकं आतल्या बाजूला आहे. वाघबारसेला सुतार धार लावलेली पटाशी जाळीतून आत सारतात, मुठीकडून, कारण आत माणूस आहे. मग गेल्या सालची पटाशी बाहेर येते. बोथट. असं म्हणतात, कधीकधी तिच्या पात्यावर दात उमटलेले असतात.

ती बाहेर सरकेपर्यंत शिवेवर कुणी तोंड उघडत नाही. गेलात, तर तुम्हीही उघडू नका.