वेळूखिंडीची हलगी

पाहुणे, चपला असू द्या, हा देवाचा पार नाही. पिंपळाच्या बुंध्याशी तो पितळी तांब्या दिसतोय ना, तो कायम भरलेला असतो, पण तहान लागली म्हणून त्यातलं पाणी कुणी पीत नाही. वेळूखिंडीची दुसरी रीत अशी, की पदक मिळवलेल्या जवानाचा इथे सत्कार होतो, तो बोलायला तोंड उघडतो आणि त्याच क्षणी हलगी सुरू होते. गावातली म्हातारी मंडळी सांगतात, हा शौर्याचा मान आहे. खोटं सांगतात.

खरं बायका सांगतात. पहिल्या मोठ्या लढाईला या गावातून येसबा निकम आणि गेनू शिर्के एकाच दिवशी भरती झाले. येसबा छातीवर पदक लावून परत आला. गोळ्यांच्या माऱ्यात जखमी साहेबाला पाठीवर घेऊन त्याने खंदक गाठला होता म्हणे. गेनू आला नाही. त्याच्या आईला, सारजाकाकीला, पाटलाने सांगितलं, की गोळी थेट काळजात लागली, पोराला कळलंसुद्धा नाही.

सत्काराला भरतीचा गोरा साहेब आला होता. त्याला आणखी पोरं हवी होती आणि पाटलाला इनाम. येसबाने पाटलाचे पाय धरले, "काकीला खरं सांगू द्या."

"शौर्य सांग. रडगाणं घरी जाऊन गा," पाटील म्हणाला.

येसबा पारावर उभा राहिला. समोरच सारजाकाकी बसलेली. तो म्हणाला, "साहेबाला आणताना वाटेत गेनू पडला होता. जिता होता. त्यानं मला हाक..."

"वाजव रं!" पाटील ओरडला.

हलगी कडाडली. येसबा बोलतच राहिला, लोकांना नुसते ओठ हलताना दिसले. त्या काळी बाईमाणूस पारावर चढत नसे. सारजाकाकी चढली आणि तिने त्याच्या तोंडाशी कान नेला. पुढचं त्या दोघांनाच ऐकू आलं. नंतर तिने ते बायकांना सांगितलं.

"काय म्हणला रं माझा गेनू?"

"पाणी मागितलं, काकी. मी थांबलो न्हाई."

तिने त्याला मारलं नाही की शिवी दिली नाही. घरी गेली, तांब्या भरून आणला आणि त्याच्यापुढे ठेवला. येसबाने पदक काढून त्या पाण्यात सोडलं आणि खिंडीच्या वाटेने चालता झाला. तो पुन्हा कुणाला दिसला नाही, असं सांगतात. हलगी मात्र साहेब जाईपर्यंत थांबली नाही. त्या दिवशी सात पोरांनी भरतीच्या कागदावर अंगठे उठवले.

आणि आमच्या थोर वाडवडलांनी काय करावं? तांब्याची पूजा लावली! भरतीला निघालेल्या पोराला त्यातलं पाणी तीर्थ म्हणून पाजायला लागले. माझ्या थोरल्या भावालाही पाजलंय. मेलेल्या पोराची तहान पाजता, हे मी सरपंच आण्णांना तोंडावर बोललो, तर म्हणाले, "आधी बारावी पास हो, मग इतिहास शिकव."

आजही सत्कार होतो. आजही जवान तोंड उघडतो, हलगी कडाडते आणि म्हातारे टाळ्या पिटतात. पहिल्या रांगेतल्या बायका मात्र टाळ्या वाजवत नाहीत. त्या त्याच्या ओठांकडे बघत असतात.