शेवटी राहिलेल्या नावाची कहाणी

ऐका बायांनो, मोबाईल पालथे घाला, पदर सावरा. प्रभूच्या नावानं रोज बसायच्या वशाची ही कहाणी.

आटपाट एक गाव होतं. वेशीजवळ प्रभूचं लहानसं देऊळ होतं. देवळामागच्या आळीत सगुणाबाई नावाची विधवा राहायची. तिला दोन सुना, थोरली रिबका, धाकटी शलोमी. घर गरिबाचं, पण पहाट मोठी श्रीमंत हो! कोंबडा आरवला की तिघी जात्याजवळ बसायच्या. आधी प्रार्थना, मग दळण. त्यांच्या 'आमेन'नं आळी जागी व्हायची. आता कुठलं ते? आता मोबाईलवर वचन येतं, आपण ते पुढं धाडतो नि मोकळ्या होतो. असो.

सासूनं सुनांना वसा दिला. सुना म्हणाल्या, "आत्याबाई, वसा कसा करावा?"

"पहाटे उठावं, तोंड धुवावं. शास्त्रातलं वचन वाचावं, घटकाभर गप्प बसावं. मग गावातल्या एकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागावं. रोज नवं नाव. गाव पुरं झाल्याशिवाय जुनं नाव घेऊ नये. आणि ज्याचं नाव घेतलं, त्याला दिवस मावळायच्या आत विचारावं, बरं आहे ना? तोंडदेखलं विचारू नये."

दोघींनी वसा घेतला. पुढं काय झालं? नाताळच्या करंज्या तेलात फुटल्या. कडा कुणी मुरडल्या, यावरून जुंपली. करंज्यांवरून माहेरावर गेल्या. मग काय विचारता! शलोमीनं समोरच्या घरात वेगळी चूल मांडली. बोलणं बंद. सासूनं अंथरूण धरलं. म्हणाली, "मरायच्या आधी दोघींचं आमेन एका वेळी ऐकू दे, दुसरं काही नको."

रिबका वशाची पक्की. देवळातल्या पाळकसाहेबांचं नाव घेतलं. मग शाळेच्या बाईंचं घेतलं. मग दूधवाल्याचं घेतलं, दुधात पाणी घालायचा मेला, तरी घेतलं. सगळ्यांना जाऊन विचारलं. गाव ते केवढं! नावं सरली.

मग पहिल्या दिवशी शेळीचं नाव घेतलं. संध्याकाळी शेळीला विचारलं, "बरं आहे ना?" शेळीनं पदर खाल्ला. दुसऱ्या दिवशी रांजणाचं नाव घेतलं. रांजण काय बोलणार! तिसऱ्या दिवशी डोळे मिटून बसली, तर तोंडातून शब्द फुटेना. वचन वाचलं, कोरडं गेलं.

अंथरुणातून सासू म्हणाली, "का गं, माणसं संपली?"

"संपली, आत्याबाई."

"नीट बघ. एक राहिलंय."

रिबका रडली. म्हणाली, "तिचं नाव घेतलं तर तिच्या दारी जावं लागेल."

"म्हणून तर वसा दिला, बाळा."

मग रिबकानं डोळे पुसले. म्हणाली, "प्रभू, माझी शलोमी." एवढंच म्हणाली. तशीच उठली, अनवाणी आळी ओलांडून गेली. दाराला हात लावणार, तोच दार उघडलं. उंबऱ्यात शलोमी उभी, डोळे सुजलेले.

रिबका म्हणाली, "करुणेच्या देवाची शपथ, मी भांडायला नाही आले. बरं आहे ना गं?"

शलोमी म्हणाली, "कुठलं बरं, अक्का? माझीपण नावं सरली. तीन दिवस कोंबडीला विचारतेय, बरं आहे ना म्हणून!"

दोघी हसल्या, दोघी रडल्या. हात धरून सासूपाशी आल्या, जात्याजवळ बसल्या. रिबकानं शलोमीसाठी मागितलं, शलोमीनं रिबकासाठी मागितलं. दोघींचं आमेन एका वेळी निघालं. आळीत कुणीतरी म्हणालं, "उजाडलं वाटतं." म्हातारीनं डोळे मिटून ऐकलं. पुढं ती प्रभूकडे गेली ती हसऱ्या तोंडानं गेली.

ती आळी आता राहिली नाही, जातंही गेलं. पण वसा आहे, तो कुठं गेलाय? उद्या पहाटे बसाल, तेव्हा सगळ्यांची नावं घ्याल, मला ठाऊक आहे. राहिलेलं तेवढं घ्या. रिबका-शलोमीला जसं दार उघडलं, तसं तुम्हां-आम्हां उघडो. लांबलेली कहाणी एका नावात पुरी, प्रभूच्या पायी सुफळ. आमेन म्हणा, बायांनो.