कमानीला पाणी

विषय : मरुभूमीतील दगडी कमानीस पाणी घालण्याची प्रथा बंद करणेबाबत.
संदर्भ : शास्त्यांचा (भगवान बुद्धांचा) एक पूर्वजन्म.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, मणिरथ राजा मरुपट्टणात राज्य करीत होता त्या काळी बोधिसत्त्व सार्थवाहाच्या कुळात जन्मले आणि वयात आल्यावर तांडे घेऊन वाळवंट ओलांडू लागले.

वाटेत तांबड्या वालुकाश्माची एक कमान होती. तिला देवी मानून प्रत्येक तांड्याने तिच्या पायथ्याशी पखालभर पाणी ओतायचे आणि तिच्याच सावलीत उतरायचे, अशी रीत होती. देवी तृप्त होई की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. प्रवासी तहानलेले राहत, हे मात्र नक्की. पूजक पिंगल तेथेच चटई टाकून बसे.

एकदा बोधिसत्त्वांचा तांडा तेथे पोचला. त्यांनी पाहिले, की पायथ्याला पांढरे मीठ फुलले आहे, चटईभोवती दगडाचे ताजे पापुद्रे पडले आहेत आणि वर कमानीच्या पोटाला नवी चीर गेली आहे. त्यांनी तांडा समोरच्या कड्याखाली हलवला आणि देवीची पखाल माणसांना प्यायला दिली.

“ऐसपैस सावली सोडून इथे दाटीवाटीत?” गाडीवान नंदिल कुरकुरला. “सार्थवाह, ऊन लागलंय तुम्हाला.”

पिंगल मात्र हलेना. म्हणून बोधिसत्त्व पुन्हा कमानीखाली गेले.

“देवीचं पाणी चोरतोस?” पिंगल गरजला.

“पूजकबुवा, पाणी घालून काय होतं, तेच मला उमगलेलं नाही,” बोधिसत्त्व म्हणाले आणि एक पाऊल मागे सरकले.

पिंगल समजावायला उठला. “अरे मूर्खा, पाण्यानेच ती उभी आहे!”

“ती स्वतःच्या ओझ्याने उभी आहे. ओझं वाळूचे कण दाबून धरतं. जिथे दाब नव्हता तिथली वाळू सुटली, वाऱ्याने नेली, म्हणून मध्ये पोकळी झाली. तुमचं पाणी पायथ्यातला चुना विरघळवतं. ते सुकलं की मीठ फुगतं आणि दगड सुटतो.” आणखी काही पावले मागे.

वाद अर्धवट सोडणे पिंगलाच्या स्वभावात नव्हते. बोधिसत्त्वांच्या बापजाद्यांचा उद्धार करीत तो पाठोपाठ उन्हात आला. बोधिसत्त्वांनी एकाही शिवीला उत्तर दिले नाही. दिले असते, तर पूजक रागावून चटईवर परत गेला असता.

दोघे कड्यापाशी पोचले आणि मागे प्रचंड आवाज झाला. धूळ खाली बसली तेव्हा कमान उभीच होती, जरा सडपातळ झाली होती. चटईच्या जागी एक शिळा होती.

पिंगलाने शिळेकडे पाहिले, मग कड्याखालच्या पखालीकडे. तो म्हणाला, “थोडं पाणी आहे का?”

“घ्या बुवा,” नंदिलाने पखाल पुढे केली. “देवीने पाठवलंय.” सगळा तांडा हसला, शेवटी पिंगलही हसला.

कथा संपवून शास्ते म्हणाले, “नंदिल म्हणजे विहारात पाणी भरणारा आताचा उपासक. पिंगल म्हणजे तो भिक्षू, जो आज सकाळी माझ्याशी वाद घालताना भिक्षेची वेळ विसरला. सार्थवाह मी होतो. शिव्या ऐकत दुसऱ्याला धोक्याबाहेर आणणे, हीच क्षांती, म्हणजे सहनशीलता.”

कमानीऐवजी वाटसरूंना पाणी द्यावे, असा अर्ज पिंगलाने त्याच जन्मी मणिरथ राजाकडे केला होता. कचेरीने त्यावर कमानीचे म्हणणे मागवले. ते अद्याप प्राप्त झालेले नाही. अर्ज विचाराधीन आहे.